खड्डा तोच, दरवर्षी रोप नवे

जुलैचा पहिला आठवडा असतो. शाळेच्या मैदानाकडेला मुलामुलींची रांग लागलेली असते. कुणाच्या हातात काळ्या पिशवीतले रोप, कुणाच्या हातात खोरे, सगळ्यांच्या बुटांना चिखल. पाहुणे येतात, रोप खड्ड्यात उतरते, फोटो निघतो, टाळ्या होतात. वर्ष सरते. पुढच्या जुलैत त्याच मैदानावर, पुष्कळदा त्याच खड्ड्यात, पुन्हा नवे रोप उतरते.

आता त्याच शाळेच्या इमारतीकडे मान वर करून पाहा. वरच्या मजल्याच्या भिंतीत, फटीतून एक पिंपळ डोकावत असेल. त्याला कुणी लावलेले नाही, कुणी कधी तांब्याभर पाणी घातलेले नाही. दोनदा छाटूनही तो पुन्हा फुटला आहे.

मुलांनी जीव लावून लावलेले रोप मरते आणि कुणालाच नको असलेला पिंपळ दगडविटांत जगतो, हे कसे? वृक्षारोपणाचे जवळजवळ सगळे शास्त्र या एका कोड्यात दडलेले आहे. ते समजून घेण्याची गरजही मोठी आहे. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून शाळकरी मुले या कामात आहेत. महाराष्ट्रात २०१६च्या १ जुलैला एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, २०१९च्या पावसाळ्यासाठी तो आकडा ३३ कोटी झाला. रोपे लावणाऱ्या हातांत विद्यार्थ्यांचे हात नेहमीच मोठ्या संख्येने असतात. त्या हातांचे श्रम वाया जाऊ नयेत, यासाठी हा लेख.

भिंतीतला पिंपळ आणि पिशवीतले रोप

पिंपळाचे बी भिंतीत पोचते पक्ष्याच्या विष्ठेतून. ते रुजते तेव्हा आधी मूळ बाहेर पडते. हे मूळ फटीत शिरते, ओल शोधते आणि ओल मिळाली तरच वर पान फुटते. मूळ जेवढे कमावते तेवढाच पानांचा खर्च. असा हिशेब पहिल्या दिवसापासून जुळलेला असल्यामुळे पिंपळ वैशाखातही तग धरतो.

पिशवीतल्या रोपाचा हिशेब मात्र वेगळा असतो. रोपवाटिकेत त्याला रोज पाणी मिळते, वर सावलीची जाळी असते, खत मिळते. त्यामुळे पाने भरपूर येतात. मुळांना मात्र वितभर रुंदीच्या पिशवीपलीकडे जागाच नसते.

पानांच्या खालच्या बाजूला अतिशय बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू या छिद्रांतून आत येतो. छिद्र उघडले की आतली वाफ बाहेर जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यातला शंभरात पंचाण्णवहून अधिक भाग असा हवेत उडून जातो. मुळे सतत पाणी भरत राहिली तरच हे निभते.

रोप पिशवीतून मैदानात आले की सावली जाते, वारा लागतो, पानांचा खर्च वाढतो. मुळांची पोच मात्र अजून त्या वितभर मातीच्या गोळ्यापुरतीच असते. एका कळशीवर दहा माणसांचा संसार चालवण्याचा हा प्रकार आहे. म्हणूनच फोटोत शोभणारे सहा फुटी, घनदाट पानांचे रोप पुष्कळदा लवकर माना टाकते आणि दीड-दोन फुटांचे, जाड खोडाचे रोप त्याच्या आधी रुळते. उंच रोपाचा शेंडा जनावरांच्या तोंडापासून वाचतो हा फायदा खराच. पण मग त्याची पिशवीही तेवढीच मोठी हवी आणि पाण्याची हमीही.

यावर रोपवाटिकांचा साधा उपाय असतो. लावणीच्या आधी काही आठवडे रोप उन्हात ठेवायचे आणि पाणी हळूहळू कमी करायचे. रोप असे काटक करून घेतले की मैदानावरचा धक्का सौम्य होतो. रोपे आणायला जाल तेव्हा ‘ही उन्हात ठेवलेली आहेत का?’ हा प्रश्न जरूर विचारा.

पिशवी सोडताना

मूळ पाणी शोषते ते टोकाजवळच्या केसासारख्या नाजूक तंतूंनी. मातीचा गोळा फुटला की हे तंतू तुटतात. म्हणून रोप खोडाला धरून उपसू नये. एका हाताचा आधार तळाला द्यावा, पिशवी ब्लेडने उभी कापावी आणि गोळा अखंड खाली उतरवावा. पिशवीसकट रोप पुरणे ही घाईत होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक. मुळांना प्लास्टिकच्या आतच कोंडून घातल्यासारखे होते.

पिशवीच्या तळाशी मूळ गोल गोल फिरलेले दिसले तर तेवढा वेटोळ्याचा भाग धारदार कात्रीने कापून टाकावा. कापताना जीव हळहळतो, पण कापलेल्या जागेतून नवी मुळे सरळ फुटतात. वेटोळे तसेच राहिले तर झाड काही वर्षे वाढते, मग जाड झालेली मुळे एकमेकांचाच गळा आवळतात आणि वादळात ते झाड सहज आडवे होते.

खोड जिथे मातीला भेटते ती रेषा जमिनीच्या पातळीत ठेवावी. खोड खोल पुरले तर साल कुजते, उघडे राहिले तर मुळे वाळतात. माती लोटल्यावर पायाने हलके दाबावी. मूळ आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर शेजारी ओल असूनही मुळाला ती घेता येत नाही.

आधाराची काठी लावली तर दोरी सैल बांधावी. वाऱ्याने डोलणाऱ्या खोडात लाकडाचे जास्त थर भरतात आणि ते दणकट होते. तालमीतल्या पोराने जोर-बैठका काढल्या तरच त्याच्या मांड्या भरतात, तसेच हे. आवळून बांधलेले रोप काठीसारखे उंच वाढते आणि काठी काढली की वाकते.

खड्डा म्हणजे पाण्याची टाकी

‘एवढा मोठा खड्डा कशाला?’ असे मुले विचारतात, तेव्हा त्यांना गणित करायला लावावे. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी ४५ सेंटीमीटर असलेल्या खड्ड्यात सुमारे ९१ लिटर माती मावते. हेच माप ६० सेंटीमीटर केले तर २१६ लिटर. प्रत्येक बाजू वितीपेक्षाही कमी वाढली आणि साठा दुपटीहून अधिक झाला. या भुसभुशीत मातीत पावसाचे पाणी मुरते आणि मुळेही याच मातीत पहिल्या वर्षी घर करतात. खड्डा हीच रोपाची पहिली टाकी.

ही टाकी कुठल्या जमिनीत आहे, यावरही बरेच ठरते. सातारा-सांगलीच्या माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत वितभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. तिथे छोटा खड्डा म्हणजे दगडी कुंडीच. मूळ भिंतीला आदळते आणि आतच फिरते. अशा जागी पहारीने तळाचा मुरूम फोडलाच पाहिजे. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत अडचण उलटी असते. ओल्या मातीत खणलेल्या खड्ड्याच्या भिंती खोऱ्याने लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी साचते आणि हवा न मिळाल्याने मुळे गुदमरतात. तिथे टिकावाच्या टोकाने भिंती खरवडाव्यात.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत ही जुनी रीत योग्यच आहे. भरताना वरच्या थरातली माती खाली घालावी, सोबत कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. पेंडीमुळे वाळवीचा त्रास कमी होतो.

डोंगरउतारावर खड्ड्याच्या जोडीला चर हवा. उताराला आडवा, एका पातळीत खणलेला सलग समतल चर धावते पाणी अडवतो, ते जमिनीत मुरते आणि चराच्या खालच्या अंगाला, बांधालगत लावलेल्या रोपाला ती ओल मिळत राहते. गावागावांतल्या जलसंधारणाच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी ही साताऱ्याची गावे पहिली आली. या स्पर्धेच्या श्रमदानाला गावकऱ्यांच्या जोडीने शहरांतून विद्यार्थीही येत होते. अशा श्रमदानातून पाणलोटाचे काम झालेल्या डोंगरावर लावलेल्या रोपाला जगण्याची संधी अधिक असते, कारण तिथे आधी पाणी थांबवलेले असते.

ओल खाली सरकते, मूळ मागे धावते

आता या साऱ्या प्रक्रियेचा गाभा पाहू. पावसाळा संपला की जमीन वरून वाळू लागते. कार्तिकात वरची चार बोटे, पौषात वीतभर, फाल्गुनात हातभर. ओल रोज थोडी खाली सरकत असते आणि रोपाचे मूळ तिच्या मागे धावत असते. मूळ पुढे राहिले तर रोप जगते, ओल पुढे गेली तर रोप वाळते. आपण पावसाळ्यात केलेली प्रत्येक गोष्ट या शर्यतीत मुळाला किती आघाडी मिळवून देते, एवढाच प्रश्न असतो.

पाऊस सुरू होऊन जमीन भिजताच लावलेल्या रोपाला थंडीपर्यंत चार-पाच महिने मिळतात. ऑगस्टअखेरीला लावलेल्याला जेमतेम दोन. शेजारी गवत वाढले तर त्याची उथळ, दाट मुळे वरची ओल आधी पिऊन टाकतात, म्हणून खोडाभोवती हातभर अंतरापर्यंत निंदणी करावी.

ही शर्यत पहिल्या उन्हाळ्यात खड्ड्याच्या आत होते, दुसऱ्या उन्हाळ्यात खड्ड्याबाहेर, आणि तिसऱ्यापर्यंत साधारणपणे मूळ अशा थरात पोचते जिथे वर्षभर थोडी तरी ओल टिकते. म्हणून रोपाला तीन उन्हाळे सांभाळा, असे जाणकार सांगतात. त्यानंतर झाड आपले आपण पाहते.

जिल्हा एक, पावसाळे दोन

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या दहिवडीच्या परिसरात पाचशे मिलीमीटरच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना थंड होऊन रिकामे होतात आणि पूर्वेकडे उतरणारा वारा कोरडा असतो. डोंगराच्या या आडोशाला पर्जन्यछाया म्हणतात. सांगली जिल्ह्यातही तेच. शिराळा भिजत असतो तेव्हा जत आभाळाकडे पाहत असतो.

म्हणून दोन्हीकडे एकाच तारखेला वृक्षारोपण करणे रोपांवर अन्याय आहे. पाटण, जावळी, शिराळ्यात मृग-आर्द्राचा पाऊस जमीन भिजवतो, तिथे जूनअखेर ते जुलै ही योग्य वेळ. पूर्वेकडे तरणा आणि म्हातारा पाऊसही कधी कधी नुसता शिडकावा करून जातो, खरा पाऊस उत्तरा आणि हस्ताचा. तिथे १ जुलैला कोरड्या मातीत रोप ठेवण्यापेक्षा पहिला दमदार पाऊस होऊन हातभर ओल उतरेपर्यंत थांबावे. ओल पाहण्याची युक्ती सोपी आहे. खड्ड्यात पहार खुपसा. सहज आत गेली तर लावा, टणकन वाजली तर थांबा.

जातही त्या मातीची हवी. पश्चिमेला जांभूळ, हिरडा, आंबा. नदी-ओढ्याकाठी अर्जुन, करंज, उंबर. मधल्या पट्ट्यात वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, बहावा. पूर्वेला बाभूळ, हिवर, बोर, खैर, आपटा, पळस. बाभूळ-हिवराची पाने बघा, नखापेक्षाही लहान पर्णिका. पान लहान म्हणजे उन्हात तापणे कमी आणि मूळ तर खोल जाणारे. शिवाय बाभूळ, करंज यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाच्या उपयोगी रूपात आणतात, म्हणजे हलक्या जमिनीत ही झाडे आपल्या खताची सोय आपणच करतात.

परदेशी निलगिरी, सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ झपाट्याने वाढते हे खरे. पण इथल्या पक्ष्यांचा, फुलपाखरांच्या अळ्यांचा, मधमाश्यांचा आणि आपल्या झाडांचा संबंध हजारो वर्षांत जुळलेला आहे. तो एका नव्या झाडाने लगेच भरून निघत नाही. साताऱ्याचेच असलेले अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ने देशी झाडांचा जो आग्रह धरला आहे, त्यामागचे कारण हेच.

पाणी कमी वेळा, पण खोल

रोज तांब्याभर पाणी घालणारा विद्यार्थी मनाने चांगला असतो, पण रोपाची सवय बिघडवतो. पाणी वरच्या चार बोटांतच मुरले तर मुळेही तिथेच घुटमळतात. दारात आयते मिळाल्यावर ती खोल कशाला जातील? मग दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस पाणी तुटले की रोप कोसळते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा आळ्यात दहा लिटर पाणी सावकाश सोडावे. ते खोल जाते आणि मूळही त्याच्या मागे उतरते.

आता हिशेब मांडू. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत साधारण १८ आठवडे होतात. आठवड्याला १० लिटर धरले तर एका रोपाला १८० लिटर. शंभर रोपांना १८,००० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर, तेही फक्त एका उन्हाळ्याला. किती रोपे लावायची, हा आकडा खड्ड्यांवरून ठरवू नये, या पाण्यावरून ठरवावा. चाळीस रोपांचे पाणी असेल तर चाळीसच लावावीत.

पाणी वाचवण्याचे दोन मार्ग आपल्या घरातच आहेत. पहिला मडक्याचा. बिनझिलईचे मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरायचे आणि वर झाकण ठेवायचे. मडक्याच्या भिंतीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते, भिजलेली असेल तर ओढ थांबते. रोपाला हवे तेवढेच पाणी हे मडके आपोआप देते.

दुसरा मार्ग पाचटाचा. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट ढिगाने पडलेले असते आणि अनेक फडांत ते पेटवले जाते. तेच रोपाच्या आळ्यात चार-सहा बोटे जाडीने पसरावे. भाकरी उघडी ठेवली की कडक होते आणि फडक्यात गुंडाळली की मऊ राहते. जमिनीचे तसेच आहे. पाचट ऊन आणि वारा अडवते, गवत उगवू देत नाही आणि कुजून खत होते. फक्त खोडापासून चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे वाळवी आणि कुज खोडापर्यंत येत नाही.

शेळी, मेंढपाळ आणि वणवा

रोपाची वाढ शेंड्याच्या कोंबातून होते. शेळी नेमका तोच खाते. मोठे झाड दुसरीकडून फुटते, पण छोट्या रोपाजवळ साठवलेले अन्नच नसते, त्यामुळे दोन-तीनदा शेंडा गेला की ते संपते. बाभळीच्या नाहीतर बोराटीच्या काट्याकुट्यांचे कुंपण हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याहून टिकाऊ उपाय म्हणजे त्या रानात वर्षानुवर्षे मेंढरे चारणाऱ्या लोकांशी लावणीच्या आधी बोलणे. चरायला कुठला भाग मोकळा ठेवायचा हे त्यांच्याशी ठरले, तर तेच रोपांचे राखणदार होतात. शिवाय बाभळीचे कठीण कवचाचे बी शेळीच्या पोटातून आले की अधिक चांगले रुजते. शेळी ही झाडाची फक्त वैरीण नव्हे, पेरणी करणारीही आहे.

साताऱ्याच्या डोंगरांचा खरा शत्रू वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळते, एका काडीने डोंगर पेटतो आणि पाच वर्षांची मेहनत तासाभरात राख होते. मोठ्या झाडाची साल जाड असते, रोपाची कागदासारखी. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच प्रत्येक रोपाभोवतीचे गवत कापावे आणि लागवडीच्या कडेने गवत काढलेला रुंद पट्टा, म्हणजे जाळरेषा, तयार ठेवावी.

जिथे झाड लावायचे नाही

झाडे लावायच्या उत्साहात एक गोष्ट विसरली जाते. प्रत्येक मोकळी जागा उजाड नसते. कासचे पठार हे याचे घरचे उदाहरण. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या शेकडो जाती, त्यांतल्या काही किडे पकडून खाणाऱ्या. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या फुलांना उघडे ऊन लागते. तिथे झाडांची सावली आणणे म्हणजे या फुलांना हद्दपार करणे.

माण-खटाव-जतची माळरानेही अशीच. चंडोल, लांडगे, खोकड यांचे ते घर आहे आणि गवताच्या मुळांत कार्बनही साठलेला असतो. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ, गायरानाचे बांध, तुटलेली जुनी वनराई निवडावी. माळाला हात घालण्यापूर्वी वनखात्याच्या माणसाला आणि गावातल्या जुन्या गुराख्याला विचारावे.

सागरेश्वराची साक्ष

हे सगळे प्रत्यक्षात होते का, हे पाहायचे असेल तर सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावाजवळच्या सागरेश्वरला जा. इथल्या ओक्याबोक्या टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावली गेली, जपली गेली, वन्य प्राणी आणून सोडले गेले. १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. माणसांनी उभे केलेले अभयारण्य अशी त्याची ओळख आहे. आज तिथे सांबर आणि चितळ हिंडतात.

सागरेश्वरचे रहस्य रोपांच्या संख्येत नाही. लावणीनंतर वर्षानुवर्षे कुऱ्हाड आणि चराई बाहेर ठेवली गेली, यात आहे. राखण झाली की लावलेल्या झाडांच्या जोडीने जमिनीतली जुनी खोडे फुटतात, पक्षी बिया आणतात, पालापाचोळ्याची माती होते, त्या मातीत ओल टिकते आणि पुढच्या रोपाला आपल्याइतके पाणी घालावे लागत नाही. जंगल एका टप्प्यानंतर स्वतःच स्वतःला लावू लागते. माणसाने तोपर्यंत सोबत करायची.

दोन वर्षांचा स्वयंसेवक, तीन उन्हाळ्यांचे रोप

आता विद्यार्थ्यांकडे वळू. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या सातारा, सांगली आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांत ती सर्वांना माहीत आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर करायचे, अशी तिची रचना.

मुलांचे आणि रोपाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा, म्हणजे दुखणे कुठे आहे ते कळते. रोपाला सर्वांत जास्त गरज मार्च ते मे महिन्यांत असते. तेव्हा मुले परीक्षेत असतात, मग सुट्टीला गावी जातात. रोपाला तीन उन्हाळे लागतात आणि स्वयंसेवकाची मुदत दोन वर्षांची. तिसऱ्या उन्हाळ्यात रोप पोरके होते. यात मुलांचा दोष नाही. व्यवस्थेत एक सांधा सुटलेला आहे आणि तो जोडता येतो.

जोडायचा कसा, ते साताऱ्यात जिची मुळे आहेत त्या संस्थेच्या बोधचिन्हात दिसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने मुलांच्या हाताला शेतीचे, बांधकामाचे काम दिले. तिथे श्रम हा एका दिवसाचा समारंभ नव्हता, रोजचा दिनक्रम होता. या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. वडाची पारंबी आधी हवेत लोंबते, जमिनीला टेकली की मुळे धरते, जाड होते आणि स्वतःच खोड बनून फांदीला खालून आधार देते. मग फांदी पुढे सरकते आणि नवी पारंबी सोडते. जावळी तालुक्यातील म्हसवे येथील वडाचा घेर १८८२ साली १,५८७ फूट भरला होता. एका खोडाच्या बळावर एवढा पसारा शक्य नाही. तो पारंब्यांनी एकमेकींना दिलेल्या आधारावर उभा राहतो.

विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी असेच करावे. प्रत्येक रोपाला क्रमांक, नोंदवही आणि दोन सांभाळणारे असावेत, एक वरच्या वर्गातला, एक खालच्या. वरचा गेला की खालचा मुख्य होतो आणि नवा जोडीदार घेतो. सुट्टीतल्या पाण्याची पाळी गावातच राहणाऱ्या मुलांकडे असावी. हिवाळी शिबिरात नवे खड्डे खणण्याऐवजी जुन्या रोपांची निंदणी, पाचटाचे आच्छादन आणि जाळरेषा ही कामे घ्यावीत, कारण नेमक्या त्याच वेळी रोपाला त्यांची गरज असते.

चौकट: रोप जगवण्याच्या नऊ खुणा

१. खड्डे उन्हाळ्यात खणा, शक्यतो ६० सेंटीमीटरचे. मुरूम पहारीने फोडा.
२. जमिनीत हातभर ओल उतरल्यावरच लावा. पूर्व भागात तारखेची घाई नको.
३. काटक, जाड खोडाचे, त्या भागातले देशी रोप निवडा.
४. पिशवी कापून काढा, मुळांचे वेटोळे छाटा, मातीचा गोळा फोडू नका.
५. आळे करा, पाचट पसरा, खोडापासून चार बोटे दूर.
६. आठवड्याला एकदा, पण भरपूर पाणी. जमल्यास मडके पुरा.
७. काट्यांचे कुंपण आणि मेंढपाळांशी आधी बोलणे.
८. डिसेंबर-जानेवारीत गवत कापा, जाळरेषा काढा.
९. तीन उन्हाळे नोंदवही ठेवा आणि पुढच्या तुकडीकडे सोपवा.

मोजणी कधी करायची?

आपण रोपे मोजतो ती लावण्याच्या दिवशी. त्या दिवशी सगळीच रोपे हिरवी असतात, त्यामुळे ती मोजणी काहीच सांगत नाही. खरी मोजणी पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर, पहिला पाऊस पडण्याआधी करायची. उन्हाळा पार करून उभे असलेले रोप तेवढे धरायचे. शंभर लावून दहा जगवणाऱ्या शाळेपेक्षा वीस लावून अठरा जगवणारी शाळा मोठी, हे कौतुकाच्या फलकावर लिहिले गेले पाहिजे.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे. यंदा नवी रोपे आणण्याआधी मुलांना घेऊन गेल्या वर्षीच्या खड्ड्यांपाशी जा. जे रोप उभे आहे त्याचे आळे मोठे करा. जे गेले ते का गेले, हे मुलांनाच शोधू द्या. भिंतीतल्या पिंपळाला जे आपसूक साधले ते आपल्या रोपाला साधायला फक्त तीन उन्हाळ्यांची सोबत लागते. तेवढी सोबत देण्याची तयारी असेल, तरच खड्डा खणा.